बावीस सेकंदांचं उत्तर

आमच्या कार्यालयातली जुनी लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर जायला बावीस सेकंद घ्यायची. मध्ये कुणी थांबवली नाही तर. हे गणित माझं नाही, लिफ्टवाल्या काकांचं आहे. एकतीस वर्षं त्यांनी ती लिफ्ट वरखाली केली. दुसरा मजला अकरा सेकंद, चौथा बावीस, सातवा अडतीस. पहिल्या मजल्याचा आकडा त्यांनी काढलाच नव्हता, कारण पहिल्या मजल्यासाठी लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाशी बोलण्यात त्यांना रस नव्हता.

सगळे त्यांना मजेतकाका म्हणत. कारण उघड आहे. "कसं काय, काका?" असं कुणी म्हटलं, की जाळीचा दरवाजा ओढता ओढता ते म्हणायचे, "मजेत!" दरवाजाचा खडखडाट आणि तो शब्द इतका एकत्र यायचा, की नवीन माणसाला वाटावं दरवाजाच बोलला. "घरी सगळं ठीक?" "मजेत." "काकू बऱ्या?" "मजेत." माझ्याहून चारच वर्षांनी मोठे होते, पण जग काका म्हणतं म्हणून मीही म्हणायची, आणि ते मला ताई म्हणायचे.

मी चौथ्या मजल्यावर, आवक-जावक विभागात. आलेलं पत्र नोंदवायचं, जाणारं पत्र नोंदवायचं. सव्वीस वर्षं हेच करतेय. सगळी पत्रं 'सविनय' सुरू होतात, आणि त्यांतलं एकही विनयाने लिहिलेलं नसतं. शेवटी 'आपला विश्वासू' म्हणून सही असते, आणि त्या माणसावर कुणाचा काडीचा विश्वास नसतो. तेव्हा ठरलेल्या शब्दांचा पोकळपणा मला कुणी शिकवायला नको. मला त्याचा राग यायचा. माझ्या नाकावर राग असतो असं विभागात म्हणतात, आणि ते खरं आहे.

एकदा मी ठरवून खरं उत्तर द्यायचा प्रयोग केला होता. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी सकाळी सकाळी विचारलं, "कशा आहात?" मी म्हटलं, "दाढ ठणकतेय, रात्रभर झोप नाही." झालं. त्यांनी तीन उपाय सांगितले, दाताच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं, मग दुसऱ्या एकाकडे न जाण्याबद्दल सांगितलं, आणि मग स्वतःच्या अक्कलदाढेची कथा सुरू झाली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. माझी दाढ कुठल्या कुठे राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कशा आहात?" मी म्हटलं, "मजेत."

हे मी लिफ्टमध्ये काकांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "अहो ताई, विचारणारा उत्तर मागत नसतो. हजेरी घेत असतो. शाळेत नाही का, बाईंनी नाव घेतलं की आपण 'हजर' म्हणायचं? पोटात दुखत असलं तरी 'हजर'. तसं हे."

"पण मग विचारतात कशाला?"

"न विचारून कसं चालेल? हजेरी नाही घेतली, तर माणूस आला की नाही हे कळणार कसं?"

एवढ्यात चौथा मजला आला. आमची सगळी तत्त्वचर्चा अशी हप्त्याहप्त्याने चालायची, बावीस बावीस सेकंदांच्या.

माझ्या घरचंही सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. आमच्या घरात दोन माणसं आणि चार वाक्यं आहेत. "चहा ठेवलाय." "येतो." "दार लावून घे." आणि संध्याकाळी, "कसा गेला दिवस?" त्यावर मी म्हणते, "ठीक." भांडण नाही. भांडण असतं तर बरं, निदान बोलणं झालं असतं. मुलगा परदेशी गेला, त्याच्या मागोमाग त्याच्याविषयी बोलायचं असलेलं सगळं गेलं, आणि मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. उरलं नव्हतं असंही नाही. सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. मुलगा रविवारी फोन करतो. "आई, सगळं ठीक?" मी म्हणते, "मजेत." हे शेजारच्या खोलीतून ऐकत असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मी अशी गेली चार वर्षं झाकून धरली आहे.

काकांच्या निवृत्तीचा दिवस शुक्रवारी येत होता. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. जुनी लिफ्ट काढून नवीन बसणार होती, जिचे दरवाजे आपोआप मिटतात. निरोप समारंभाची व्यवस्था साहेबांनी माझ्यावर टाकली, कारण मी कुणाकडूनही काम करून घेते. माझ्या रागाचा कार्यालयाला एवढाच फायदा. सातव्या मजल्याचा हॉल, चहा, बिस्किटं, काकांना भिंतीवरचं घड्याळ. आणि साहेबांचा हट्ट होता, की काकूंनाही बोलवायचं. "एकतीस वर्षं रोज वेळेवर डबा देऊन पाठवलं त्यांनी. दोघांना शेजारी शेजारी बसवू." म्हणून काकूंसाठी स्वेटर घ्यायचं ठरलं. काकूंना आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. त्या मजेत आहेत, एवढंच आम्हांला माहीत होतं.

आमंत्रणासाठी म्हणून मी दोघांचे फोन नंबर मागून घेतले. काकांनी दोन्ही दिले. थोडं थांबून दिले, पण दिले. स्वेटरचं माप विचारलं तेव्हा म्हणाले, "मध्यम." मी म्हटलं, नीट विचारून सांगा, नाहीतर बदलायला मलाच जावं लागेल. म्हणाले, "विचारायला कशाला हवं? मध्यमच."

बुधवारी सकाळी मला जरा उशीर झाला होता. लिफ्टमध्ये मी एकटीच होते. काका स्टुलावर बसले होते, मागच्या आरशात त्यांचं टक्कल दिसत होतं, छोटा पंखा कुरकुरत होता. रोजच्यासारखं "कसं काय?" झालं, "मजेत" झालं. दुसरा मजला मागे पडता पडता मी विचारलं, "बरं, काकूंना रंग कुठला आवडतो?"

काका जाळीतून सरकणाऱ्या भिंतीकडे बघत राहिले.

"स्वेटरचा हो. आज संध्याकाळी आणायचाय."

तिसरा मजला गेला. काकांनी हात वर केला आणि लाल बटण दाबलं. लिफ्ट हिसका देऊन थांबली. जाळीतून समोर नुसती भिंत दिसत होती, तिच्यावर कुणीतरी कधीकाळी खडूने लिहिलेला एक आकडा. सव्वीस वर्षांत त्यांनी ते बटण कधी दाबलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बिघाड झाला. मी म्हटलं, "काय झालं? अडकली का?"

"नाही. मी थांबवली." त्यांचा हात अजून बटणावरच होता. "ताई, ती नाहीये."

"कोण?"

"आमची ही. सात महिने झाले."

मला पटकन कळेचना. कारण काल, परवा, गेल्या आठवड्यात, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं की काकू मजेत आहेत. मी चक्क म्हणाले, "अहो, पण तुम्ही तर सोमवारीच म्हणालात..."

"तेच तर," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. काकू बहिणीकडे गेल्या होत्या, दुसऱ्या गावी. तिथे एका दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. काका निरोप मिळाल्यावर गेले आणि बारा दिवसांनी परत आले. रजेच्या अर्जात त्यांनी 'घरगुती कामासाठी' असं लिहिलं होतं. तो अर्ज माझ्याच टेबलावर आला होता, मीच नोंदवला होता. आमच्या अर्जांत सगळं 'घरगुती काम'च असतं, लग्न असो की मरण. मी वर बघितलंसुद्धा नसेल.

"परत आलो तो पहिला दिवस," काका म्हणाले. "आठ माणसांची लिफ्ट, नऊ घुसलेले. सहाव्या मजल्यावरचे ते नकाशेवाले साहेब म्हणाले, काय काका, कुठे गायब? काकू बऱ्या? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मजेत. मी म्हटलं नाही हो ताई, ते निघून गेलं. दरवाजा ओढला आणि बरोबर ते आलं. मनात म्हटलं, हे काय बोललो मी. साहेब उतरताना सांगू. तर त्यांच्या दोन्ही बगलांत नकाशे, ते तसेच घाईत निघून गेले. म्हटलं, दुपारी सांगू. दुपारपर्यंत तीसेक लोकांना मजेत म्हणून झालं होतं. मग सांगणार कुणाला, आणि कसं? लोक विचारणार नाहीत का, सकाळी काय म्हणालात? बायको गेली आणि माणूस मजेत म्हणतो, म्हणजे याला काही आतडं आहे की नाही?"

खालून कुणीतरी दरवाजा बडवला. तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "काका, अडकलात का? ठीक आहे ना?"

"एकदम मजेत!" काका ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओरडले, "मजेत!" मग माझ्याकडे बघून ओशाळले. म्हणाले, "बघितलंत?"

मला हसू आलं आणि त्याची लाज वाटली. मी पर्समधला रुमाल त्यांना दिला. त्यांनी तो नुसता हातात धरला.

"पण काका, सात महिने? मला सांगायचं. मला एकटीला."

"तुम्हांला? बावीस सेकंदांत?" ते म्हणाले. रागाने नाही, सरळ. "आणि खरं सांगू का, आठवड्याभराने मला ते बरंच वाटायला लागलं. घरी ती नाही. शेजारणीला माहीत आहे, ती मला बघितलं की तोंड पाडते. दूधवाला एकच पिशवी ठेवतो, न सांगता. तिथे सगळीकडे ती गेलेली आहे. आणि इथे दिवसातून वीस-पंचवीस माणसं विचारतात, काकू कशा आहेत, आणि मी म्हणतो, मजेत. ही एवढीच जागा आहे ताई, जिथे तिला काही झालेलं नाही. या डब्यात. म्हणून रविवार मला जात नाही. सोमवारी सकाळी पहिलं माणूस आत आलं आणि त्याने विचारलं की मला श्वास मिळतो."

मी उघडी राहिलेली पर्स बंद केली.

"शुक्रवारी हे पण संपतंय," ते म्हणाले. "तेवढा शुक्रवार काढून द्या मला. गुडघे दुखतात म्हणा, जिना चढवत नाही म्हणा."

"लिफ्ट आहे की," मी म्हणाले. सवयीने. खोड जात नाही.

काका हसले. नाक पुसलं आणि बटण सोडलं. चौथा मजला आला, दरवाजा खडखडला. मी बाहेर पडले तेव्हा ते मागून म्हणाले, "जांभळा. गडद नको, फिका."

संध्याकाळी दुकानात मी फिका जांभळा, मध्यम मापाचा स्वेटर मागितला. दुकानदार म्हणाला, "स्वतःसाठी?" मी म्हटलं, "हो." आणखी एक बटणाचा दाखवू का म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले, आणि मग बाहेर येऊन फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले. घरी गेले. "कसा गेला दिवस?" "ठीक."

शुक्रवारी स्वतःच्या निरोप समारंभाला काकांनी स्वतःच सगळ्यांना वर नेलं. पाच-सहा फेऱ्या केल्या. शेवटच्या फेरीत साहेबांना घेऊन आले आणि स्टूल भिंतीला लावून मग हॉलमध्ये आले. मी मंचावर एकच खुर्ची ठेवली होती. साहेबांनी ती पाहिली आणि म्हणाले, "हे काय, काकूंची खुर्ची कुठे?"

"काकू येत नाहीयेत सर. गुडघे," मी म्हणाले.

"नाही आल्या तरी खुर्ची हवी. मान आहे तो त्यांचा." आणि साहेबांनी आपल्या हाताने दुसरी खुर्ची आणून काकांच्या शेजारी ठेवली. साहेब मनाने चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांपुढे काही चालत नाही.

भाषणं झाली. एकतीस वर्षांत काकांच्या तोंडून एकही तक्रार ऐकली नाही, असं तिघांनी सांगितलं. नकाशेवाले म्हणाले, "आयुष्य कसं जगावं हे काकांकडून शिकावं. कधीही विचारा, माणूस मजेत!" टाळ्या पडल्या. काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी घड्याळाचं खोकं ठेवलं, तेव्हा त्यांनी ते हळूच उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं.

मग स्वेटर द्यायची वेळ आली. साहेब पिशवी हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांना सुचलं. "अरे, काकू इथे नाहीत तर काय झालं? फोन लावू! सगळ्यांच्या वतीने आभार मानू. स्पीकरवर लावा. ताई, तुमच्याकडे आहे ना नंबर?"

पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मला म्हणता आलं असतं, नंबर पुसला गेला. बॅटरी संपली. मी रागीट बाई आहे, नुसतं "सर, पुरे आता" म्हटलं असतं तरी साहेब खाली बसले असते. पण मी काकांकडे बघितलं. त्यांनी किंचित मान हलवली. नको अशी नाही. हो अशी.

मी नंबर लावला. रिंग जायला लागली. हॉलमध्ये इतकी शांतता होती की ती भिंतींवर आपटून परत येत होती. एक, दोन, तीन. काका समोर बघत नव्हते, मान थोडी वाकडी करून ऐकत होते. घरात दाराबाहेर उभं राहून आत कुणाची चाहूल घ्यावी तसं. सात. आठ. नऊ. मग ती आपोआप बंद झाली.

"कामात असतील," मी म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "सोमवारपासून नवरा दिवसभर घरात! काकू शेवटचा निवांत दिवस मजेत घालवतायत!" सगळा हॉल हसला. काकाही हसले. मी त्या दिवशी कुणावर रागावले नाही, कारण मग सगळ्यांवरच रागवावं लागलं असतं, आणि आधी स्वतःवर.

हॉल रिकामा करून, कप गोळा करायला लावून मी निघाले तेव्हा बाकीचे गेले होते. काका लिफ्टपाशी थांबले होते. ही त्यांची शेवटची फेरी. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात स्वेटरची पिशवी. दोन्ही त्यांनी स्टुलावर ठेवलं आणि स्वतः उभे राहिले.

"फोन तिच्या कपाटावर असतो," ते म्हणाले. लिफ्ट खाली जात होती. "रोज चार्ज करतो. मला तो वाजवून बघायचं होतं किती दिवस, पण मीच लावायचा आणि मीच ऐकायचा, ते वेड्यासारखं वाटतं. आज वाजला. तिकडे घरात वाजला असेल ना आत्ता?"

"वाजला असेल."

"बरं झालं."

चौथा मजला गेला. तिसऱ्याच्या खाली आल्यावर त्यांनी पुन्हा ते लाल बटण दाबलं. तोच हिसका, पुढे तशीच भिंत.

"ताई, एकतीस वर्षं सगळ्यांनी मला विचारलं. मी कुणालाच विचारलं नाही. लिफ्टवाल्याने विचारायचं नसतं, साहेबलोकांना खटकतं. आणि विचारून ऐकायला वेळ कुठे असतो? आज आहे. कुणी खाली थांबलेलं नाही." त्यांनी स्टुलावरचं सामान उचललं, खाली ठेवलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही कशा आहात?"

पंखा कुरकुरत होता. माझ्या मनात सगळं एकदम वर आलं. ती चार वाक्यं, शेजारच्या खोलीत ऐकत बसणारा माणूस, रविवारचा फोन, गेली कित्येक वर्षं मी कुणाला नावाने हाक मारलेली नाही आणि मलाही कुणी मारलेली नाही, हे. या माणसाने दोन दिवसांपूर्वी माझ्यासमोर आपलं काळीज उघडं केलं होतं. त्याने माझ्यासाठी लिफ्ट थांबवली होती. मी तोंड उघडलं.

"मजेत," मी म्हणाले.

काका थांबले. आणखी थोडं थांबले. मग हो हो अशी मान हलवून त्यांनी बटण सोडलं. तळमजला आला. त्यांनी दरवाजा ओढला, आणि प्रथमच त्या खडखडाटाबरोबर कुठला शब्द आला नाही.

का म्हणाले मी तसं? या प्रश्नावर मी पुष्कळ डोकं खपवलं आहे. लाज होती, हे झालंच. पण त्याहून मोठं कारण असं, की खरं उत्तर मी स्वतःलाही कधी मोठ्याने सांगितलेलं नव्हतं. एकदा तोंडाबाहेर पडलं असतं की ते खरं झालं असतं. मग घरी जाऊन त्या चार वाक्यांत कसं राहायचं? काकांना मी सात महिन्यांचं विचारलं होतं. माझी चार वर्षं झाली होती.

नवी लिफ्ट चकचकीत आहे. चौथ्या मजल्यावर नऊ सेकंदांत पोचते. आत सगळे आपापल्या फोनमध्ये बघत उभे असतात. पहिल्या सोमवारी मी आत शिरले आणि सवयीने म्हणाले, "कसं काय?" एक मुलगी दचकून म्हणाली, "मला म्हणालात?"

टेबलावर येऊन मी पत्रांचा गठ्ठा उघडला. सविनय, सविनय, सविनय. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. काका त्या क्षणी घरी बसले असतील आणि त्यांना कुणीही काहीही विचारलेलं नसेल. मी फोन काढला आणि काकूंचा नंबर लावला. रिंग गेली. मी घड्याळाकडे बघत बसले. बावीस सेकंद झाल्यावर ठेवून दिला.

मंगळवारी पुन्हा लावला. बुधवारीही. रोज दहा वाजून दहा मिनिटांनी, बावीस सेकंद. काकांनी तो कधी उचलला नाही आणि उलट फोनही केला नाही. मी कधी त्यांच्या नंबरवर लावला नाही. पण त्यांना कळत होतं हे मला कळत होतं. फोन पूर्ण चार्ज केलेला असायचा, एकदाही बंद लागला नाही. हजेरी लागत होती.

असे दीड-दोन महिने गेले. मग मला ताप आला. दोन दिवस अंथरुणातून उठवलं नाही. यांनी चहा आणून ठेवला, "गोळी घेतलीस?" विचारलं, मी "हो" म्हणाले. हे पाचवं वाक्य. दोन दिवस दहा वाजून दहा मिनिटं माझ्या तापातच निघून गेली.

तिसऱ्या दिवशी हे बाहेर गेले होते. मी उशीला टेकून बसले आणि नंबर लावला. पहिलीच रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडे तो उचलला गेला.

"दोन दिवस फोन आला नाही," काका म्हणाले. आवाज घाबरलेला होता.

पलीकडे कुठेतरी घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आम्ही दिलेलं असावं.

"ताई? तुम्ही कशा आहात?"

तो शब्द जिभेवर आलाच होता. मी तो गिळला.

"बरी नाहीये, काका. खूप दिवस झाले."

"थांबा हं," ते म्हणाले. "खुर्ची ओढून घेतो."